आमच्या घरांचीं छपरें

नवतपा लागला म्हणजे हिंगणघाटच्या पेठेंत बोलण्याचा विषय एकच उरतो: आज पारा कोठवर चढला? कोणी चव्वेचाळीस सांगतो, कोणी सेहेचाळीस. आणि जो मोठा आंकडा सांगेल त्याच्या भोंवतीं चार माणसें अधिक जमतात. हा आंकडा वेधशाळेचा असतो, व तो खराच असतो. परंतु तो आपल्या घरांतला नसतो. दुपारीं तीन वाजतां आपल्या माजघरांत किती अंश उष्णता असते, पाळण्यांतल्या मुलाच्या डोक्यावरचें छत हातास किती चटका देईल, हें कोणी मोजीत नाहीं व कोणी कोणास विचारीतही नाहीं.

आतां एका गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. वेधशाळेचा तो पारा ज्या पेटींत ठेवितात, ती पेटी टॉमस स्टीव्हन्सन नांवाच्या स्कॉच अभियंत्यानें एकोणिसाव्या शतकांत योजिली. ती लांकडाची असते. तिला चारी बाजूंनीं झडपा असतात, म्हणजे वारा खेळता राहतो. तिला छपरें एक नव्हे, दोन असतात, व त्या दोहोंच्या मध्यें हवेस वाट ठेवलेली असते. शिवाय ती पांढरी रंगविलेली असते. इतका बंदोबस्त कशासाठीं? तर कांचेच्या एका नळीस उन्हाची झळ लागून आंकडा चुकूं नये यासाठीं! जी काळजी आम्ही नळीची वाहतों ती आमच्या बायकामुलांची वाहत नाहीं, असें म्हटलें तर कोणास राग येण्याचें कारण नाहीं. कारण तें खरें आहे.

घर बांधतांना छप्पर कसलें घालावें याचा विचार आमच्याकडे दोनच अंगांनीं होतो. पहिलें अंग पावसाचें: गळतें कीं गळत नाहीं. दुसरें अंग लौकिकाचें: स्लॅब पडला म्हणजे मुलीस स्थळें चांगलीं येतात, आणि कवेलूंचें घर म्हणजे अजून हातीं पैसा नाहीं अशी जगास दवंडी. उन्हाचें अंग कोणी पाहत नाहीं. वस्तुतः वर्धा जिल्ह्यांत पाऊस चार महिने असतो, तर डोक्यावर तापणारें ऊनही फाल्गुनापासून मृगापर्यंत जवळ जवळ तितकेच दिवस असतें. छत्री घेतांना आपण पावसाचा विचार करतों हें ठीक. पण छप्पर म्हणजे नुसती छत्री नव्हे.

हिंगणघाट हें विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेवीस अंशांवर आहे. त्यामुळें मे महिन्याच्या २२-२३ तारखेच्या सुमारास सूर्य मध्यान्हीं अगदीं माथ्यावर येतो. उभ्या खांबाची सांवली त्याच्या पायांतच नाहींशी होते. अशा वेळीं भिंतींवर ऊन तिरकस घसरतें, छपरावर मात्र सरळ कोसळतें. स्वच्छ आकाशाच्या दुपारीं एका चौरस मीटरवर सुमारें एक हजार वॉट इतकी उष्णता पडते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा लहानशा खोलीच्या छपराचा हिशेब केला तर ती नऊ हजार वॉटांहून अधिक भरते. म्हणजे विजेच्या नऊ मोठ्या शेगड्या माथ्यावर पेटवून त्यांच्याखालीं गृहस्थ जेवावयास बसला आहे! या उष्णतेंतील किती परत आकाशांत जाईल, किती छपरांत मुरेल आणि किती खालीं उतरेल, हें छपराच्या जिनसावर व त्याच्या रंगावर अवलंबून आहे. भिंत मातीची कीं विटेची हा प्रश्न त्यापुढें दुय्यम आहे.

आमच्या वाडवडिलांनीं हा हिशेब कागदावर केला नव्हता. पण त्यांच्या कवेलूंत तो होता. कुंभार चाकावर एका बाजूस निमुळती अशी मातीची नळी काढी, ती उभी चिरून तिचे दोन भाग करी व भट्टींत भाजी. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, अशी कवेलूंची रचना असे. खालीं बांबूच्या कमच्या आणि सागाचे किंवा इतर जंगली लांकडाचे वासे. ह्या रचनेंत जागोजाग हवा अडकून राहते, आणि हवा ही उष्णतेस सहजासहजीं वाट देत नाहीं. वर चढलेली तप्त हवा सांध्यांसांध्यांतून बाहेर पडते. चुलीचा धूरही त्याच वाटेनें जातो. माती स्वतः फार तापट नाहीं, व दिवस मावळल्यावर दोन घटकांत ती निवते. ज्यांचें बाळपण अशा घरांत गेलें आहे त्यांस दुपारच्या काळोख्या माजघराची आठवण निराळी करून द्यावयास नको.

येथें कोणी असें विचारील कीं, सोलापूर-नगरकडे जसें माळवद असतें तसें आमच्याकडे कां नाहीं? फळ्यांवर हातभर पांढरी माती घातलेलें माळवद उन्हास कवेलूंपेक्षांही चांगलें अडवितें हें खरें आहे. परंतु तिकडे पाऊस बराच कमी. वर्धा जिल्ह्यांत वर्षाकांठीं सुमारें चाळीस इंच पाऊस पडतो. एवढा पाऊस मातीच्या सपाट छपरावर पडला तर भाद्रपदापर्यंत घर उभें राहील कीं नाहीं याची शंकाच. म्हणून इकडे उतरतें छप्पर आलें. छप्पर हें ज्या त्या मुलखाच्या आभाळाकडे पाहून ठरावें, शेजारच्या बंगल्याकडे पाहून नव्हे.

पुढें १८६५ सालीं बाझल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यानें मंगळूर येथें यंत्रावर दाबून काढलेल्या कौलांचा पहिला कारखाना घातला. हीं कौलें एकमेकांत खांच्यानें बसतात, त्यामुळें तीं कमी लागतात व वाऱ्यानें हलत नाहींत. आमच्या विदर्भांत त्यांस ‘इंग्रजी कवेलू’ म्हणतात. तीं काढणारा जर्मन, माती कानडी मुलखांतली, आणि नांव इंग्रजांचें. ज्याचें राज्य त्याचें नांव, हा न्याय कवेलूंसही लागला.

तर मग कवेलू गेलें कां? जुन्या गोष्टींचा निव्वळ कैवार घेणारे लोक या प्रश्नाचें उत्तर देत नाहींत, म्हणून तें येथें देणें जरूर आहे. पहिलें कारण माकडें. वानरांची एक टोळी छपरावरून एकदां धांवून गेली म्हणजे शेंदीडशें कवेलूंचा चुराडा होतो, आणि रान तुटत चाललें तशी वानरें गांवांत अधिक येऊं लागलीं. दुसरें कारण फेरणी. दरसाल मृगापूर्वीं कवेलू उतरवून, फुटकीं वेगळीं काढून पुनः लावावीं लागतात. हें काम जाणणारा माणूस आतां मिळत नाहीं, व मिळाला तर त्याची मजुरी जड जाते. तिसरें कारण लांकूड. सागाचा वासा घेऊं जातां गृहस्थाचे डोळे पांढरे होतात. चौथें, कमच्यांतून पडणारे विंचू, आणि चार कवेलू सारून घरांत उतरणारा चोर. ह्या सर्व अडचणी खऱ्या आहेत. त्या भोगणाऱ्या बाईनें कवेलू काढून टीन घातलें म्हणून तिला नांवें ठेवणें हें ज्यास फेरणी करावी लागत नाहीं त्याचें काम.

टिनाची कथा निराळी. नळीदार लोखंडी पत्र्याची युक्ति लंडनमध्यें हेन्री रॉबिन्सन पामर यानें १८२९ सालीं काढली, आणि ती गोद्यांच्या मालगुदामांसाठीं. आमच्याकडेही टीन आलें तें माणसांसाठीं नव्हे, मालासाठीं. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवीनें हिंगणघाटच्या कापसाचें नांव विलायतेच्या बाजारांत गेलें. मागाहून रेल्वे आली, रेच्यांचे व दाबाचे कारखाने आले, गिरण्या आल्या, आणि गठ्ठ्यांवर पाऊस पडूं नये म्हणून टिनाचीं भलीं उंच छपरें उभीं राहिलीं. त्यांची उंची वीस-पंचवीस फूट, दोन्ही बाजू मोकळ्या, आंत राहणारा कापूस. कापसास घाम येत नाहीं. तेंच टीन आठ फुटांवर आणून, तीन बाजू बंद करून, त्याच्याखालीं पांच माणसांचें कुटुंब ठेवलें तेव्हां त्याचा गुण बदलला.

टिनपत्र्याची जाडी एका मिलिमीटरहून कमी. सकाळीं नऊ वाजतां त्यावर ऊन आलें कीं कांहीं मिनिटांत तें तापतें, आणि भर दुपारीं साठ अंशांच्या पुढें सहज जातें. नवा चकचकीत पत्रा बरेंचसें ऊन परतवितो असें वाटतें व तें कांहीं अंशीं खरेंही आहे. परंतु त्याच्या जस्ताच्या अंगास आंतली उष्णता आकाशाकडे सोडण्याची शक्ति फार थोडी, म्हणून तोही तापतोच. गंजलेला पत्रा तर ऊन पितो. मनुष्याच्या कातडीची उष्णता सुमारें पस्तीस अंश असते. सभोंवतालची हवा त्रेचाळीस व माथ्यावरचा पत्रा साठ अंश असला म्हणजे शरीर थंड होण्याचा एकच मार्ग उरतो, तो घामाचा. आणि तान्ह्या मुलाचा, म्हाताऱ्याचा व आजाऱ्याचा तो मार्ग लवकर थकतो. टिनाची बाजू घ्यावयाची तर इतकीच कीं, रात्रीं तें लवकर निवतें. पहांटे टिनाखालीं स्लॅबापेक्षां बरें वाटतें. पण मग दुपारीं घरांत कोण असतें, हें पाहिलें पाहिजे. घरधनी दुकानांत, अडत्याकडे किंवा कचेरींत असतो. घरांत असतें ती बाळंतीण, चुलीपुढली सून, खाटेवरचे आजोबा, आणि रात्रपाळी करून आलेला मजूर, ज्यास दिवसांच झोपावयाचें असतें. छप्पर निवडणारा एक, व छपराखालीं भाजणारे दुसरे, असा हा प्रकार आहे. आमच्या चर्चेचें मर्म येथें आहे.

भाड्याच्या खोल्यांविषयीं तर स्पष्ट बोललेंच पाहिजे. एका ओळींत आठ-दहा खोल्या, विटेची पडदी, वर टीन, मागें खिडकी नाहीं, असा धंदा आमच्या शहरांत व इतरत्रही चालतो. घरमालक स्वतः त्या खोल्यांत मे महिन्यांतील एक दुपार काढील तर दुसऱ्या दिवशीं छताचा बंदोबस्त करील, अशी आमची खात्री आहे. पण तो तेथें जातो एक तारखेस, संध्याकाळीं, भाडें घेण्यापुरता.

सिमेंटच्या पत्र्यांविषयीं थोडक्यांत सांगतों. ते टिनापेक्षां किंचित् कमी तापतात, पण त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतु असतात, व सर्व प्रकारचें अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोगास कारण होतें असें जागतिक आरोग्य संघटनेचें मत आहे. अखंड पत्रा छपरावर स्वस्थ असतांना धोका थोडा. तो करवतींनें कापतांना, त्यास भोंकें पाडतांना व फुटल्यावर धोका मोठा. फुटक्या तुकड्यांनीं अंगणांतला खड्डा भरण्याची चाल आहे, ती तरी आजपासून सोडावी.

आतां स्लॅब. स्लॅब हा टिकाऊ आहे, वानरांस तो दाद देत नाहीं, चोरास उतरूं देत नाहीं, पुढें वर मजला चढवितां येतो. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना २०१६ सालीं सुरू झाली तेव्हां सपाट प्रदेशांतील घरकुलास १ लाख २० हजार रुपये ठरले व घराचें क्षेत्र कमींत कमी २५ चौरस मीटर ठरलें. एवढ्यांतही कुटुंबाची पहिली हौस स्लॅबाची असते, ती आम्हांस समजते. परंतु चार-पांच इंच जाडीचें काँक्रीट हें उष्णतेचें कोठार आहे. दिवसभर तें ऊन सांठवितें, आणि तीन-चार तासांनीं तें खालच्या अंगास पोंचवूं लागतें. म्हणून दुपारीं बारा वाजतां स्लॅबाखालीं बरें वाटतें, संध्याकाळीं सहा वाजतां छत तापतें, आणि रात्रीं अकरा वाजतां पंखा लावावा तर तो छताजवळची तप्त हवाच खालीं ढकलतो. स्लॅबाखालीं निजणें म्हणजे निवत चाललेल्या तव्याखालीं निजणें. मग सर्व कुटुंब गच्चीवर जातें. तेथें डांस, आणि खालीं चोर.

याजवर लोकांचें उत्तर कूलर. कोरड्या वैशाखांत कूलर खरोखर उत्तम चालतो. पाण्याच्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते, हा माठाचाच न्याय आहे. पण त्यास पाणी पाहिजे, आणि तें नेमकें त्याच महिन्यांत दुर्मिळ. वीज पाहिजे, आणि ती नेमकी त्याच दुपारीं जाते. मृगाची दमट हवा सुटली म्हणजे कूलर नुसता ओलावा देतो. ज्यास वातानुकूलित यंत्र परवडतें त्यानेंही तापलेल्या स्लॅबाखालीं तें चालविणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें आहे. आधीं छप्पर नीट करावें, मग यंत्र घ्यावें. यंत्र लहान लागेल व बिल हलकें येईल.

हें छप्पर नीट करण्याचें काम वाटतें तितकें महाग नाहीं. सर्वांत स्वस्त उपाय पांढरा चुना. उघडा सिमेंटचा स्लॅब आपल्यावर पडलेल्या उन्हाचा चतुर्थांश ते तृतीयांश भाग परतवितो. ताजा चुना सुमारें पाऊणाहून अधिक. त्यामुळें आंतल्या हवेंत दोन ते पांच अंशांचा फरक पडतो असा ठिकठिकाणचा अनुभव आहे. दोन अंश म्हणजे काय, असें ज्यास वाटेल त्यानें ताप आलेल्या मुलाच्या अंगावर हात ठेवून पाहावा. विझविलेला चुना चाळून, त्यांत चिकटपणासाठीं गोंद किंवा डिंक घालून दोन हात द्यावे. पावसाळ्यांत तो धुपतो व शेवाळतो, म्हणून दरसाल लावावा लागेल; पण फेरणीच्या मानानें हें काम कांहींच नाहीं. ज्यांस थोडा अधिक खर्च सोसेल त्यांनीं विटेच्या तुकड्यांचा कोबा घालून वर फुटक्या पांढऱ्या चिनी फरशांचे तुकडे बसवावे. तें वर्षानुवर्षें टिकतें व गळतीही थांबते.

टिनास रंग तर द्यावाच, पण एवढ्यानें भागत नाहीं. त्याच्याखालीं बांबूचा तट्टा किंवा दुसरें हलकें छत, पत्र्यापासून सहा-नऊ इंच अंतर सोडून, बांधावें. आणि दोन्ही टोकांस हवा जाण्यायेण्यास वाट ठेवावी. हीच ती वेधशाळेच्या पेटीची युक्ति. आमच्या गांवांत बारदानाचा तोटा नाहीं, तेंही या कामीं येतें. टिनावर पऱ्हाटी किंवा तुराट्या पसरण्याची जुनी रीत गुणकारी आहे खरी, परंतु जेथें कापसाची व सरकीची उलाढाल चालते अशा दाट वस्तींत ती करूं नये. एका ठिणगीनें आळी जळेल. तीच गोष्ट चुलीवर लोंबणाऱ्या बारदानाची.

येथून चाळीस किलोमीटरांच्या आंत सेवाग्राम आहे. १९३६ सालीं गांधीजी त्या वेळच्या शेगांवांत राहावयास आले, तेव्हां घर जवळपासच्या सामानाचें व थोड्या खर्चाचें असावें अशी त्यांची अट होती. मातीच्या भिंती, वर कवेलू. त्या कुटी पाहावयास दुपारीं जाणारा प्रत्येक मनुष्य आंत पाऊल टाकतांच ‘किती गार आहे’ असें म्हणतो, चपला घालून बाहेर पडतो, आणि गांवीं येऊन टिनाचा भाव विचारतो. आम्ही सर्वांनीं कुटींत राहावें असें आमचें म्हणणें नाहीं. दुमजली दुकानाच्या माडीस तें जमणारही नाहीं. परंतु त्याच परिसरांत, वर्ध्याजवळ दत्तपूर येथें, देवेंद्रकुमार यांनीं स्थापिलेल्या ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ या संस्थेनें एक फार उपयुक्त प्रयोग केला. कुंभारानें चाकावर काढलेल्या निमुळत्या पोकळ कवेलूंची तोंडें एकमेकांत घालून त्यांची कमान उभारावयाची, व कमानीस कमान लावून सबंध छप्पर करावयाचें. त्यास वासा नको, लोखंडही नको. पोकळींत हवा आपोआप राहते, आणि वर गिलावा असल्यामुळें वानरेंही हात टेकतात. कुंभारास काम मिळतें तें वेगळेंच. हा प्रयोग वर्ध्यांत झाला आणि हिंगणघाटास तो ठाऊक नाहीं, यांत दोष संस्थेचा कमी व आमचा अधिक. आमचे गवंडी जें शिकले तेंच बांधतात, व आम्ही जें शेजाऱ्यानें बांधलें तेंच मागतों.

इतर शहरें याबाबत जागीं झालीं आहेत. अहमदाबादेनें २०१० च्या उन्हाळ्यांतील मृत्यूंनंतर २०१३ सालीं उष्माघात टाळण्याची योजना आंखली, व पुढें गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचें काम हातीं घेतलें. तेलंगण राज्यानें २०२३ सालीं शीतल छपरांचें धोरण जाहीर करून सरकारी व मोठ्या इमारतींस तें बंधनकारक केलें. आमच्या नगरपरिषदेकडे आमचें मागणें त्याहून पुष्कळ लहान आहे. तिनें प्रथम आपल्या शाळांचीं छपरें पांढरीं करावीं. मुलें हीच गोष्ट घरीं सांगतील, तिला व्याख्यान लागणार नाहीं. भाड्यासाठीं बांधलेल्या खोल्यांस परवानगी देतांना टिनाखालीं दुसरें छत व समोरासमोर दोन खिडक्या असल्याखेरीज नकाशा मंजूर करूं नये. आणि कापसाच्या बाजारांत जेथें हमाल दुपारच्या वेळीं घटकाभर आडवे होतात, त्या शेडीचें छत व्यापारी मंडळींनीं आपसांत वर्गणी करून नीट करावें. गठ्ठा भिजूं नये म्हणून जें छप्पर घालतां येतें, तें गठ्ठा उचलणाऱ्यासाठींही घालतां येतें; आणि दुपारीं विसांवलेला हमाल संध्याकाळीं चार गाड्या अधिक भरतो, एवढा हिशेब तरी पेठेस सांगावा लागूं नये.

चुना लावावयाचा तो फाल्गुनांत, होळीच्या आगेंमागें, आणि सकाळच्या पहिल्या प्रहरीं लावावा. वैशाखांत तापलेल्या पत्र्यावर तो बसत नाहीं, सुकून पापुद्रे निघतात. आणि त्या पत्र्यावर अनवाणी चढलेल्या मजुराचे पाय भाजतात. गच्चीचें पावसाचें पाणी जे टांक्यांत धरतात त्यांनीं पहिल्या दोन-तीन सरी वाहून जाऊं द्याव्या, म्हणजे चुन्याचें पाणी टांक्यांत उतरणार नाहीं.